पालघर जिल्हा : भूगोल, लोकसंख्या आणि प्रशासन

पालघर जिल्हा हा महाराष्ट्राच्या कोकण विभागातील सर्वांत उत्तरेकडील जिल्हा असून पालघर हे त्याचे मुख्यालय आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन राज्याचा ३६वा जिल्हा म्हणून तो अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे त्यातील आठ तालुके होत. उत्तरेस गुजरातचा वलसाड जिल्हा व दादरा-नगर हवेली, पूर्वेस नाशिक जिल्हा, दक्षिणेस व आग्नेयेस ठाणे जिल्हा आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा त्याच्या सीमा आहेत.

डोंगरी आदिवासी तालुक्यांपर्यंत शासनयंत्रणा पोहोचावी, हा विभाजनामागील प्रमुख हेतू होता. त्यानंतरच्या दशकात कार्यालये उभी राहिली. मात्र जिल्ह्यातील पाणी, जमीन आणि किनारा यांविषयीचे सर्वांत मोठे निर्णय जिल्ह्याबाहेरील प्राधिकरणे, महामंडळे व केंद्रीय संस्था यांच्याकडेच राहिले. जिल्ह्याच्या नकाशावर लोकवस्ती, उद्योग आणि आदिवासी क्षेत्र यांची केंद्रे एकमेकांपासून दूर आहेत, आणि त्यामुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो.

== विभाजनाची पार्श्वभूमी ==

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. त्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्यात मुंबईला लागून असलेली अनेक महानगरे होती आणि मोखाड्यासारखा रेल्वे नसलेला, पावसाळ्यात पाडे तुटून पडणारा तालुकाही होता. एकाच जिल्हाधिकाऱ्याने आणि एकाच जिल्हा नियोजन समितीने या दोन्हींचा कारभार पाहावा, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर खळबळ माजली. त्यानंतर जव्हार येथे अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय सुरू करण्यात आले. विभाजनाची मागणी या घटनेपूर्वीही होती. परंतु ठाण्यात बसून जव्हार-मोखाड्याचा कारभार चालू शकत नाही, हे त्यानंतर शासनाला नाकारता आले नाही.

मुख्यालय कोठे असावे यावरून मतभेद होते. जव्हार ही जुन्या जव्हार संस्थानाची राजधानी. तेथे १९१८ पासून नगरपरिषद आहे आणि आदिवासी भागाचे ते स्वाभाविक केंद्र आहे. पालघर हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक असल्याने वसई, बोईसर व डहाणूच्या रहिवाशांना सोयीचे होते. अखेर पालघरची निवड झाली. या निर्णयाची भौगोलिक किंमत डोंगरी तालुक्यांनी मोजली. मोखाड्याहून आजही पालघरपेक्षा नाशिक जवळ पडते, आणि गंभीर आजारी रुग्ण नाशिक, सिल्वासा किंवा मुंबईकडे नेण्याची प्रथा जिल्हा स्वतंत्र झाल्यावरही मोडली नाही.

पालघरजवळ कोळगाव येथील मुख्यालय संकुल सिडकोने बांधले. त्याचे उद्घाटन १९ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे जिल्हा स्थापन झाल्यानंतर सात वर्षांनी झाले. दुग्धविकास विभागाकडील सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोकडे देण्यात आली आणि संकुलाचा खर्च त्याच जमिनीवरील नवनगराच्या विकासातून भागवण्याचे ठरले. जिल्ह्याचे मुख्यालय जमिनीच्या भावी किमतीवर उभे करण्याचा हा मार्ग सोयीचा होता, पण मुख्यालयाभोवती कोणत्या प्रकारचे शहर वाढेल, हेही त्यामुळे तेव्हाच ठरून गेले.

== भूगोल ==

जिल्ह्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पट्टे पडतात. समुद्रालगत सुमारे ११० किलोमीटर लांबीची किनारपट्टी आहे. तीत वाळूचे किनारे, खाजणे, मिठागरे आणि वसई, दातिवरे, सातपाटी, तारापूर, डहाणू यांसारखी खाड्यांवरील गावे येतात. त्यामागे पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग यांनी व्यापलेला सखल भाग आहे. पूर्वेस जमीन चढत जाऊन सह्याद्रीच्या रांगांना मिळते. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे.

वैतरणा ही मुख्य नदी. ती नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत उगम पावून अर्नाळा व दातिवरे यांच्या दरम्यान समुद्रास मिळते. पिंजाळ, सूर्या, देहर्जे आणि तानसा या तिच्या उपनद्या होत. डोंगरी भागात पाऊस भरपूर पडतो, पण कातळ व उतारामुळे पाणी थांबत नाही. म्हणूनच चार महिने धो-धो पाऊस पडणाऱ्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर धावतात.

जिल्ह्यात मनुष्यवस्ती असलेली बेटेही आहेत. वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा बेटावर किल्ल्याभोवती मच्छीमारांची वस्ती आहे. वसईच्या खाडीत पाणजू हे बेटावरील गाव असून तेथील दळणवळण होडीवर चालते. पालघर तालुक्यातील वाढीव-वैतीपाडा ही वस्ती वैतरणेच्या खाडीने वेढलेली आहे. तेथील रहिवाशांना वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलांवरून चालत वैतरणा स्थानक गाठावे लागले आणि त्यात अपघाती मृत्यूही झाले. मुंबईच्या उपनगरी गाडीतून ही वस्ती दिसते. तिच्यापर्यंत रस्ता मात्र नव्हता. पूर्वेकडील अनेक पाडे पाण्याने वेढलेले नसूनही पावसाळ्यात बेटासारखेच होतात. गरोदर स्त्रीला झोळी करून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या मोखाडा व जव्हार तालुक्यांतून आजही येतात.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, सौम्य ते मध्यम भूकंपाच्या धक्क्यांची मालिका नोंदवली गेली. कच्च्या घरांतील कुटुंबांना अनेक रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या.

== लोकसंख्या ==

२०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या क्षेत्रातील लोकसंख्या २९,९०,११६ होती. तालुकावार वाटणी अत्यंत विषम आहे. एकट्या वसई तालुक्यात १३,४३,४०२, म्हणजे सुमारे ४५ टक्के लोक राहत होते. त्यानंतर पालघर (५,५०,१६६), डहाणू (४,०२,०९५), वाडा (१,७८,३७०), तलासरी (१,५४,८१८), जव्हार (१,४०,१८७), विक्रमगड (१,३७,६२५) आणि मोखाडा (८३,४५३) असा क्रम लागतो. तलासरी, जव्हार, विक्रमगड व मोखाडा या चारही तालुक्यांची एकत्रित लोकसंख्या ५,१६,०८३, म्हणजे जिल्ह्याच्या सुमारे १७ टक्के भरते. याच चार तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. संपूर्ण जिल्ह्यात ते सुमारे ३७ टक्के आहे.

वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर व कातकरी या प्रमुख आदिवासी जमाती होत. किनाऱ्यावर मांगेला, वैती, कोळी, माच्छी व भंडारी समाज आहेत. वसई परिसरात वाडवळ आणि सामवेदी समाज तसेच पोर्तुगीज काळापासूनचा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आहे. वारली, वाडवळी, कादोडी, मांगेली अशा बोलींमुळे मराठीची अनेक रूपे एवढ्याशा प्रदेशात ऐकू येतात. १९४५ मध्ये डहाणू-तलासरी भागात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उभा राहिलेला वारल्यांचा लढा हा या भागाच्या राजकीय जाणिवेचा पाया मानला जातो. डाव्या पक्षांचे येथील अस्तित्व त्याच काळापासूनचे आहे.

भाताची कापणी उरकल्यावर डोंगरी तालुक्यांतील कुटुंबे वसई, भिवंडी व ठाणे परिसरातील वीटभट्ट्यांवर, रेती व बांधकामाच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे शाळेची पटसंख्या, अंगणवाडीतील पोषण आणि लसीकरण यांच्या नोंदी वर्षातील अर्धा काळ प्रत्यक्ष वस्तीशी जुळत नाहीत. कुपोषणाचा प्रश्न केवळ आहाराच्या वाटपाने सुटत नाही, याचे एक मोठे कारण या स्थलांतरात आहे.

वरील सर्व आकडे २०११ चे आहेत. मधल्या काळात विरार व नालासोपारा यांची वाढ डोळ्यांदेखत झाली. उपनगरी गाड्या एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने पालघर, बोईसर व सफाळे येथेही मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांची वस्ती वाढली. २०२७ च्या जनगणनेत वसई तालुक्याचा वाटा आणखी वाढलेला आणि जिल्ह्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण घटलेले दिसण्याची शक्यता मोठी आहे. निधीचे वाटप आणि मतदारसंघांची आखणी लोकसंख्येवर अवलंबून असल्याने या आकड्यांचे परिणाम दूरगामी ठरतील.

== प्रशासन ==

जिल्ह्यात एकच महानगरपालिका आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. तीत समाविष्ट केलेल्या गावांपैकी २९ गावांनी वेगळे राहण्याची मागणी केली आणि तो वाद दीर्घकाळ उच्च न्यायालयात चालला. २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेचा कारभार काही वर्षे प्रशासकाकडे होता. पालघर, डहाणू व जव्हार येथे नगरपरिषदा आहेत. वाडा, विक्रमगड, मोखाडा व तलासरी येथे नगरपंचायती आहेत.

पोलीस प्रशासनात जिल्ह्याची हद्द आता एकसंध राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर व वसई-विरार यांच्यासाठी एक पोलीस आयुक्तालय कार्यरत आहे. म्हणजे जिल्ह्यातील सर्वाधिक लोकवस्तीचा भाग पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतून बाहेर पडून ठाणे जिल्ह्यातील शहराशी जोडला गेला. वसई मुंबई महानगर प्रदेशात मोडते, त्यामुळे तेथील मोठे रस्ते व पाणीयोजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आखते. महसुली नोंदींपुरता वसई पालघरचा आणि नागरी व्यवहारांत मुंबईचा, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

उरलेल्या जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तर पालघर व वसई तालुक्यांचा काही भाग त्यात आहे. या क्षेत्राला १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, म्हणजे पेसा, लागू आहे आणि राज्याने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय, गौण वनोपजावरील मालकी आणि गौण खनिजांबाबतची शिफारस हे अधिकार त्यातून मिळतात. नगरपंचायत झालेल्या गावांत मात्र हे अधिकार राहत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २४३ य-ग नुसार नगरपालिकांविषयीचा भाग संसदेने वेगळा कायदा केल्याशिवाय अनुसूचित क्षेत्रांना लागू होत नाही. असा कायदा करण्यासाठी २००१ मध्ये मांडलेले विधेयक मंजूर झाले नाही. तरीही अनुसूचित क्षेत्रातील तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायती अस्तित्वात आल्या. ही विसंगती पालघरपुरती नाही, पण पालघरमध्ये ती ठळकपणे दिसते.

जिल्हा परिषदेत ५७ सदस्य आहेत. मार्च २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नसल्याने इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांवरील निवड रद्द झाली. राज्यातील ज्या जिल्हा परिषदांमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या जागांसाठी पोटनिवडणूक झाली, त्यांत पालघर होती. अनुसूचित जमातींचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यात इतर मागासवर्गाला जागा उरत नाही, ही कुणबी, भंडारी व आगरी समाजांची तक्रार तेव्हापासून तीव्र झाली.

विधानसभेचे डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा व वसई असे सहा मतदारसंघ आहेत. पहिले चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २००८ च्या पुनर्रचनेत निर्माण झालेला पालघर लोकसभा मतदारसंघही राखीव आहे.

== बोईसर-तारापूर ==

बोईसर हे पालघर तालुक्यातील रेल्वेस्थानक असलेले गाव. त्याच्या पश्चिमेस समुद्रकाठी तारापूर आहे. १९६० च्या दशकापर्यंत हा शेतीचा आणि मासेमारीचा प्रदेश होता. भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूर येथे उभारण्यात आले आणि त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली. विस्थापितांना दिलेल्या घरांचा दर्जा, समुद्रापासून तुटल्याने गेलेली मासेमारी आणि नोकरीची आश्वासने यांवरील वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. पुढे वाढवणच्या ग्रामस्थांनी पुनर्वसनाच्या कोणत्याही आश्वासनावर विश्वास ठेवण्यास नकार दिला, त्यामागे या शेजारच्या दोन गावांचा अनुभव आहे.

बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेले तारापूर औद्योगिक क्षेत्र राज्यातील मोठ्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक आहे. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद हे येथील मुख्य उद्योग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. सांडपाण्यामुळे खाडी व समुद्रातील मासळी नष्ट होत असल्याची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे नेली आणि लवादाने उद्योगांवर भरपाईची जबाबदारी टाकली. मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मधील कारखान्यांच्या स्फोटांत कामगारांचे व रहिवाशांचे बळी गेले.

या सर्व परिसराचा स्थानिक कारभार ग्रामपंचायतींकडे आहे. बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ, सालवड, कोलवडे, कुंभवली अशा लागून असलेल्या ग्रामपंचायतींच्या हद्दी इमारतींच्या मधून जातात. रस्त्याच्या एका बाजूचा कचरा एका ग्रामपंचायतीने उचलावा आणि दुसऱ्या बाजूचा दुसरीने, अशी स्थिती आहे. औद्योगिक क्षेत्रात नियोजनाचे अधिकार महामंडळाकडे, प्रदूषणावर देखरेख राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, अणुऊर्जा प्रकल्प केंद्राकडे आणि बाहेरील चाळी, गटारे व डंपिंग ग्रामपंचायतीकडे अशी विभागणी झाली आहे. बोईसर नगरपरिषदेची मागणी जुनी आहे. कारखान्यांकडून मिळणारा कर गमवावा लागेल, ही काही ग्रामपंचायतींची भीती आणि करवाढीची रहिवाशांची शंका हे तिच्या मार्गातील अडथळे होत.

अणुविद्युत केंद्राभोवतीचे १६ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र आपत्कालीन नियोजनासाठी निश्चित केलेले असते. बोईसर त्यात येते. केंद्राबाहेरील आपत्कालीन कारवाईची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर असते. २०१४ पूर्वी ही सूत्रे ठाण्याहून हलत. आता ती पालघरहून हलतात, हा विभाजनाचा एक निर्विवाद लाभ मानावा लागेल. मात्र दाट चाळींतून आणि एका अरुंद उड्डाणपुलावरून एवढी वस्ती वेळेत कशी हलवायची, याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या नगररचनेत शोधूनही सापडत नाही.

मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेची विरार व बोईसर अशी दोन स्थानके जिल्ह्यात आहेत. मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग आणि पश्चिम समर्पित मालवाहू रेल्वेमार्गही याच पट्ट्यातून जातात.

== पाण्याचे वाटप ==

सूर्या प्रकल्पातील धामणी धरण विक्रमगड तालुक्यात आहे. डहाणू, पालघर व विक्रमगड येथील शेतीला पाणी देण्यासाठी त्याची उभारणी झाली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतून याच प्रकल्पाचे दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांसाठी राखले आहे: १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. यांपैकी मीरा-भाईंदर पालघर जिल्ह्यात नाही. शेतकरी व आदिवासी संघटनांचा आक्षेप असा, की लाभक्षेत्रातील कालव्यांची कामे अपुरी असतानाच पाणी शहरांकडे वळवले गेले. वसई-विरारच्या बाजूने पाहिल्यास टँकरवर जगणाऱ्या लाखो लोकांची गरज खोटी नाही. फक्त तिची तजवीज धरणाजवळच्या शेताच्या आधी झाली.

मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण मुंबई महापालिकेने बांधले आहे. वाडा तालुक्यात ओगदे येथे गारगाई धरणाचा आणि जव्हार तालुक्यात पिंजाळ धरणाचा प्रस्तावही मुंबईसाठीच आहे. या दोन्ही ठिकाणी विस्थापित होणारी गावे प्रामुख्याने आदिवासी आहेत.

== वाढवण बंदर ==

डहाणू तालुका केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेद्वारे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि तेथील उद्योगांखालील क्षेत्रावर ५०० एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. वाढवण येथील बंदराचा पहिला प्रस्ताव या प्राधिकरणाने १९९८ मध्ये अमान्य केला. धर्माधिकारी यांचे जानेवारी २०१९ मध्ये निधन झाले.

पुढील वर्षी, फेब्रुवारी २०२० मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता दिली. पुनर्रचित प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना-हरकत दिली. जून २०२४ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये असून जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा त्यात ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. प्रत्येकी १,००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल आणि १० किलोमीटरहून लांब लाटारोधक भिंत यांचा आराखड्यात समावेश आहे. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे.

नैसर्गिक खोली हा वाढवणच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे. सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट लागू शकतील अशी खोली देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी मिळते. शासनाने प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून १२ लाख रोजगारांचा अंदाज मांडला आहे. वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती आणि मच्छीमार संघटनांच्या मते भराव व गाळ उपसणी यांमुळे माशांची पैदास होणारा खडकाळ उथळ भाग नष्ट होईल. सातपाटी ते डहाणू हा पापलेट-घोळचा पट्टा आहे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला. मासेमारीखेरीज चिंचणी, वरोर व वाढवण या गावांत दागिन्यांचे डाय बनवण्याचा घरगुती उद्योग चालतो आणि घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. रोजगाराच्या चर्चेत हे आज चालू असलेले रोजगार सहसा मोजले जात नाहीत.

बंदर किनाऱ्यापासून आत समुद्रात भराव घालून उभे राहणार असल्याने गावे उठणार नाहीत, असे प्रकल्पाचे समर्थक सांगतात. मच्छीमारांची भूमिका अशी, की त्यांची शेती समुद्रातच आहे आणि तिचा सातबारा नसल्याने ती भूसंपादनाच्या हिशेबात येत नाही. पेसाखालील विचारविनिमयही जमीन संपादनापुरता असल्याने समुद्रातील भरावाबाबत ग्रामसभांचे ठराव बंधनकारक ठरत नाहीत. बंदराला जोडणारे रस्ते व रेल्वेमार्ग मात्र जमिनीवरून जातात आणि तेथे ग्रामसभांना कायद्याने स्थान आहे. त्यामुळे वादाचे केंद्र आता किनाऱ्यावरून आतल्या गावांकडे सरकत आहे. मुरबे येथील खासगी बंदराच्या प्रस्तावाला सातपाटी-मुरबे परिसरातून होणारा विरोधही याच प्रश्नांभोवती उभा आहे.